वाण्याची व्हिस्की

आधीच सांगतो, या ब्लॉगवर आई आणि दोन माम्या अधूनमधून डोकावतात हे मला माहीत आहे. तेव्हा आजच्या लेखात पिण्यापेक्षा इतिहास जास्त आहे असं समजून वाचावं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटा मामा घरी आला होता, पिशवीत टीचर्सची बाटली. मी तेव्हा नुकताच सिंगल माल्टच्या नादी लागलो होतो, म्हणजे चार बाटल्या चाखून चाळीस बाटल्यांचं ज्ञान झालं होतं. म्हटलं, "मामा, ब्लेंड म्हणजे भेसळ रे. थांब, तुला खरी व्हिस्की देतो." मामा काही बोलला नाही. माझी महागडी माल्ट एक पेग घेतली, "छान आहे" म्हणाला आणि जेवायला बसला. जाताना आपली बाटली मात्र फडताळात ठेवून गेला.

भेसळ. हा शब्द मला पुढे बराच काळ टोचत राहिला. नंतर वाचताना कळलं की याच आरोपावरून शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये चक्क खटला झाला होता.

पण त्याच्या आधी वाणी.

स्कॉच म्हणून आज जी नावं आपल्याला माहीत आहेत, त्यातले कितीतरी जण मुळात किराणा दुकानदार. जॉन वॉकरने १८२० मध्ये किल्मारनॉकला दुकान टाकलं. अ‍ॅबर्डीनचे शिवास बंधू, पर्थचा ग्लोग (फेमस ग्राउसवाला), एडिंबराचा बॅलंटाइन, सगळे दुकानदारच. त्यांची अडचण अगदी आपल्या चहा डेपोवाल्यासारखी होती. एकेका भट्टीची माल्ट व्हिस्की म्हणजे लहरी माल. या पिंपाची जहाल, त्या पिंपाची गुळमुळीत. गिऱ्हाइकाला मात्र मागच्या महिन्यात नेली तशीच हवी. चहावाला आसाम आणि डस्ट मिसळून 'फॅमिली मिक्स्चर' बांधतो, तसंच यांनी पिंपं मिसळायला घेतली.

त्यात आयर्लंडच्या ईनियस कॉफी या अबकारी अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास सतत चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं. तांब्याच्या हंड्यात एकेक घाणा काढायची गरज उरली नाही. मका, गहू, काहीही घाला, हलकी आणि स्वस्त दारू अखंड गळत राहते. ही ग्रेन व्हिस्की. एडिंबराच्या अँड्र्यू अशरने १८५३ च्या सुमारास आधी वेगवेगळ्या वयांची माल्टच एकत्र करून विकली होती. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधी गोदामातच माल्ट आणि ग्रेन मिसळायची मुभा दिली आणि आज आपण ज्याला ब्लेंड म्हणतो ते खऱ्या अर्थाने सुरू झालं. त्याच सुमारास फ्रान्समधल्या द्राक्षबागा फायलोक्सेरा नावाच्या किडीने खाल्ल्या, ब्रँडी मिळेना, आणि इंग्रज साहेब स्कॉचकडे वळला.

पैसा आला की लबाडी आलीच. लीथचे पॅटिसन बंधू जाहिरातीसाठी इतके वेडे, की त्यांनी आपल्या व्हिस्कीचं नाव बोलायला शिकवलेले पाचशे पोपट दुकानदारांना वाटले असं सांगतात. १८९८ मध्ये धंदा बुडाला तेव्हा उघड झालं की स्वस्त ग्रेनमध्ये नावापुरती माल्ट घालून ते उंची ग्लेनलिव्हेट म्हणून खपवत होते. १९०१ मध्ये दोघे तुरुंगात गेले. माझा 'भेसळ' हा शब्द अगदीच हवेतून आला नव्हता तर!

मग तो खटला. १९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या नगरपालिकेने दारू विकणाऱ्यांवर फिर्याद केली, की यांनी गिऱ्हाइकाने मागितली ती व्हिस्की दिलीच नाही. १९०६ मध्ये मॅजिस्ट्रेटने नगरपालिकेची बाजू घेतली. ब्लेंडवाल्यांचं धाबं दणाणलं. प्रकरण रॉयल कमिशनकडे गेलं आणि १९०९ मध्ये कमिशनने सांगितलं की ग्रेनही व्हिस्कीच, ब्लेंडही व्हिस्कीच. शिवाय ब्लेंडमध्ये माल्ट किती हवी याचं किमान प्रमाणही ठरवलं नाही.

ते आजही ठरलेलं नाही. ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं आणि चाळीस टक्के अल्कोहोल या अटी आहेत, पण माल्ट किती हे बाटली बहुधा सांगत नाही. १२ हा आकडा असेल तर आतली सगळ्यात कोवळी व्हिस्की बारा वर्षांची, एवढं नक्की. बाकी वाण्याच्या नावावर भरवसा आणि आपली जीभ.

मामा गेल्यावर मी टीचर्सची एक नवी बाटली आणली आणि दोन महागड्या ब्लेंडच्या शेजारी ठेवून चाखली. ब्लेंड बांधणारे लोक साधारण निम्मं पाणी घालून वास घेतात, तसंच केलं. पाणी घातल्यावर खोटं लपत नाही. महागातली एक पाण्यात पार विरघळून गेली, नुसता गोडसर भास. टीचर्समध्ये धूर टिकला. कारण सापडलं ते असं : विल्यम टीचरची ग्लासगोत गुत्त्यांची रांग होती, तिथे म्हणे धूम्रपानाला बंदी. (आणि व्हिस्की धुराची!) त्याच्या मुलांनी १८८४ मध्ये हायलँड क्रीम हे नाव नोंदवलं, आणि १८९८ मध्ये, पॅटिसन बुडाले त्याच वर्षी, या घराण्याने आर्डमोरला स्वतःची भट्टी बांधली. तिथे बार्ली पीटच्या धुरावर वाळवलेली वापरतात. टीचर्समध्ये माल्टचं प्रमाणही इतर ब्लेंडच्या मानाने बरंच जास्त ठेवलेलं असतं.

मामाला यातलं काही ठाऊक होतं का? बहुतेक नाही. त्याने तीस वर्षं पिऊन ठरवलं होतं, बस.

त्याने ठेवलेली बाटली अजून फडताळात आहे, सील न तोडलेली. रविवारी मामेभाऊ येतोय. सोडा त्याने आणायचा असं ठरलंय. मामाला सोड्याशिवाय चालायचं नाही.