कॅव्हेंडिशशी बोलायचे कसे?

तापमापीवर पाण्याच्या उत्कलनबिंदूची खूण नेमकी कुठे करायची? अठराव्या शतकात चांगल्या कारागिरांच्या तापमापींतही ही खूण दोन-तीन अंश फॅरनहाइटने इकडेतिकडे असे. १७७७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने सांगितले : फुगा उकळत्या पाण्यात बुडवू नका, वाफेत ठेवा आणि हवेचा दाबही पाहा. हिप्सोमीटरमध्ये आपण हेच तर करतो!

समितीचा प्रमुख होता हेन्री कॅव्हेंडिश (१७३१-१८१०). अतिशय श्रीमंत, पण माणसांना बिचकणारा. जेवणाची सूचनासुद्धा तो घरातल्या बाईंना चिठ्ठी लिहून देई. अनोळखी माणसाने नजरेला नजर दिली, की स्वारी काढता पाय घेई. तरी सोसायटीच्या क्लबातले गुरुवारचे जेवण तो सहसा चुकवत नसे. तिथल्या सहकाऱ्यांना एक युक्ती सापडली होती. त्याच्याकडे न बघता, हवेशी बोलल्यासारखा प्रश्न टाकायचा. विषय आवडीचा असला तर उत्तर येई, आणि ते ऐकण्याजोगे असे.

२००१ साली ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञांनी सुचवले, की कॅव्हेंडिशला अॅस्पर्जर लक्षणसमूह, म्हणजे स्वमग्नतेचा एक प्रकार, असावा. गेलेल्या माणसाचे निदान जपूनच करावे, असे आम्हाला वाटते. त्याचा काटेकोरपणा मात्र कागदोपत्री आहे. हवेत विजेच्या ठिणग्या पाडून त्याने तिच्यातला नायट्रोजन काढून टाकला, तेव्हा एक बुडबुडा उरला. मूळ नायट्रोजनच्या फार तर १/१२०. दुसऱ्या कोणी ती प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिली असती. याने १७८५ च्या निबंधात ती नोंदवली. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी त्या बुडबुड्याचे रहस्य उलगडले : आर्गॉन!

पण मनासारखे झाल्याशिवाय छापायचे नाही, या हट्टापायी पुष्कळ काही कपाटातच राहिले. विद्युतभारांमधील बलाचा व्यस्त वर्गाचा नियम त्याला कूलॉमच्या आधी सापडला होता. जगाला ते कळले १८७९ मध्ये, मॅक्सवेलने त्याची टिपणे छापली तेव्हा.

१७९८ मध्ये त्याने पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट असल्याचे जाहीर केले (आजची किंमत ५.५१). आपल्या अंगाच्या उबेने हवा हलू नये म्हणून तो खोलीबाहेरून दुर्बिणीतून वाचन घेत असे. गंमत अशी, की त्याच्याच २९ निरीक्षणांची सरासरी ५.४५ येते. एका ठिकाणी ४.८८ ऐवजी ५.८८ धरले गेले होते. छापण्यापूर्वी ते कोणाच्याच लक्षात आले नाही.