घर हवाबंद केलं, मग ताजी हवा कुठून?

१९७३ च्या तेलसंकटानंतर थंड देशांत घर उबदार ठेवणं महागलं. मग १९७७ साली कॅनडातल्या रेजायना शहरात सस्कॅचेवान कन्झर्वेशन हाऊस उभं राहिलं. जाड भिंती, फटी बंद. ऊब आत राहिली, पण श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि स्वयंपाकाची वाफही आतच कोंडणार ना?

हा प्रश्न जुनाच. १८५८ मध्ये म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी मोजमापच दिलं होतं: खोलीत कार्बन डायऑक्साइड ०.१ टक्क्याच्या वर गेला, की हवा खराब समजा.

रेजायनाच्या घरात उपाय साधा होता. बाहेर जाणारी गरम हवा आणि आत येणारी गार हवा पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी न्यायची. हवा मिसळत नाही, फक्त उष्णता पलीकडे जाते.

मी इंजिनिअर असल्यामुळे मला हे फार आवडतं: फट बुजवलीत, तर तिचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायलाच हवं. आपला नेहमीचा स्प्लिट एसी ते करत नाही, तो खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. म्हणून नवा फ्लॅट बघताना खिडक्या किती घट्ट बसतात एवढंच पाहू नका. त्या बंद असताना ताजी हवा कुठून येणार, तेही विचारा.