दोन न्यायासनें आणि एक खून

बाराव्या शतकांत इंग्लंडांतील बेडफर्डचा फिलिप द ब्रॉय या धर्माधिकाऱ्यावर एका सरदाराच्या खुनाचा आळ आला. लिंकनच्या बिशपपुढें त्यानें व त्याच्या हमीदारांनीं शपथा घेतल्या आणि तो निर्दोष ठरला. साक्षीपुराव्याहून तेथें शपथच मोठी. खुनाचें कोडें तसेंच राहिलें. ११६३ सालीं राजाच्या न्यायाधीशानें प्रकरण पुन्हां उकरतांच फिलिपनें त्याचा उघड अपमान केला. दुसरा हेन्री संतापला. ११६४ च्या क्लॅरेंडनच्या नियमांनीं त्यानें अपराधी धर्मगुरूंस राजदंडाखालीं आणूं पाहिलें. आर्चबिशप टॉमस बेकेट आडवा आला. ११७० सालीं राजाच्या चार सरदारांनीं कँटरबरीच्या देवळांतच त्यास ठार केलें.

पण धर्मगुरूचा खून हाहि धर्मसत्तेच्याच कक्षेंतला विषय, आणि तिला देहदंड वर्ज्य! मारेकऱ्यांस पोपनें प्रायश्चित्तार्थ पवित्र भूमीकडे जाण्यास सांगितलें. बेकेट ज्या अधिकारासाठीं मेला, त्यानेंच त्याच्या मारेकऱ्यांचे प्राण राखले. असे खुनी राजाच्या न्यायासनापुढें आणण्याचें ठरावयास ११७६ साल उजाडलें. न्यायाचीं शकलें झालीं, कीं त्यांच्या फटींतून प्रथम अपराधीच निसटतो, असें आम्हांस वाटतें.