भिवंडीचे माग आणि दम्याची सुई

1982च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापडकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे आणखी सरकले, आणि त्याबरोबर कापसाची धूळही. सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीत छाती आवळते, ही बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसविकाराची, जुनी खूण. तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला इटालियन वैद्य रामाझिनीने 1700 मध्येच नोंदवला होता. 2003 साली अमेरिकेत मान्य झालेल्या ओमालिझुमॅब या दम्याच्या सुईने आता हा प्रश्न सुटेल, असे कुणी म्हणेल. अ‍ॅलर्जिक दम्यात ते खरोखर उपयोगी आहे. पण ते आयजीई हे अ‍ॅलर्जीचे प्रतिपिंड रोखते, धूळ नाही, आणि चढलेला दमा उतरवत नाही. शिवाय क्वचित जीवघेणी प्रतिक्रिया येते, कधी वर्षभर डोस घेतल्यावरही. म्हणून 2007 पासून अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर ठळक इशारा आहे. सुईनंतर डॉक्टर सांगतील तेवढा वेळ दवाखान्यातच थांबा. अंगावर गांधी, घशाला सूज किंवा चक्कर आली तर लगेच सांगा. दम्याचा नेहमीचा पंप मनाने बंद करू नका.