टिपणांचे आयुष्य

२५ जून १९०८ रोजी पोलिसांनी पुण्याच्या नारायण पेठेतील गायकवाड वाड्याची झडती घेतली. आदल्याच दिवशी लोकमान्य टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली होती. 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) हे अग्रलेख खटल्याच्या मुळाशी होते. अग्रलेख छापलेले होते, सर्वांनी वाचलेले होते, त्यांसाठी झडतीची गरज नव्हती. झडतीत मिळाले ते एक पोस्टकार्ड. त्यावर टिळकांच्या हस्ताक्षरात स्फोटक द्रव्यांवरील दोन इंग्रजी पुस्तकांची नावे होती.

मुझफ्फरपूरचा बाँब ३० एप्रिलला फुटला होता. त्यामुळे हे कार्ड ज्यूरीपुढे ठेवले जाणे अपरिहार्य होते. टिळकांचा खुलासा साधा होता. सरकारने नुकताच स्फोटक द्रव्यांचा कायदा केला होता. त्यावर टीका लिहायची तर 'स्फोटक' या शब्दाची व्याप्ती पाहायला हवी, म्हणून एका सूचीतून ही नावे त्यांनी उतरवून घेतली होती. कोणताही संपादक लिहायला बसण्यापूर्वी हेच करतो. २२ जुलैला ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. शिक्षा लेखांबद्दल होती. पण खटल्याच्या हकीकतीत ते कार्ड कायमचे जाऊन बसले.

टिपण ही लेखनाची सर्वांत धाकटी जात. लेख वाचकासाठी असतो, पत्र दुसऱ्या कोणासाठी असते, टिपण मात्र स्वतःसाठी असते. त्याचा अर्धा अर्थ कागदावर असतो आणि उरलेला अर्धा लिहिणाऱ्याच्या डोक्यात. म्हणूनच ते परक्याच्या हाती पडले की त्याचा अर्थ लावण्याचे काम परक्याकडे जाते. कामाच्या टिपणांच्या इतिहासात हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. आज हाताने लिहावे की संगणकावर, याची चर्चा बहुधा सोय आणि वेग यांपाशी थांबते. मला ती थोडी मागून सुरू करावीशी वाटते.

मराठी आडनावांतच टिपणाचा इतिहास दडलेला आहे. चिटणीस, फडणीस, पारसनीस, वाकनीस यांच्या शेवटचे 'नीस' हे फारसी 'नवीस'चे, म्हणजे लिहिणाऱ्याचे, झिजलेले रूप आहे. वाकनीस घडलेला वाका लिहून ठेवी, चिटणीस पत्रव्यवहार पाही, फडणीस हिशेबाच्या फर्दा सांभाळी. या सर्वांची कामाची लिपी मोडी होती. एकाच वाड्यात देवघरातली पोथी बाळबोधीत असे आणि ओसरीवरचा हिशेब मोडीत. पोथी सावकाश, अक्षर सुटे करून लिहायची, कारण ती अनेकांनी वाचायची असे. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लटकवत न्यायची. ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. सही करणारा आणि वाचणारा एकाच दफ्तरात वाढलेले असत, त्यामुळे एवढे पुरे होई. मोडीला टिपणाची लिपी म्हणायला हरकत नाही.

या कारकुनांनी रोजकीर्दी लिहिल्या त्या त्या दिवसाचा जमाखर्च लागावा म्हणून. त्यांतून इतिहास लिहिला जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. परंतु १९०० मध्ये न्या. रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांना लढायांच्या बखरींत न सापडणारे पुष्कळ काही या रुक्ष नोंदींत सापडले. कर, शिक्षा, दाने, जातींचे तंटे, टांकसाळी या सर्वांची माहिती तिथे होती. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले. बखर वाचकाकडे पाहून लिहिलेली असते, म्हणून ती सजते. टिपण कोणाकडेच पाहत नाही, म्हणून इतिहासकार त्याच्यावर अधिक विश्वास ठेवतो. १९०८ साली सरकारी वकिलांनीही कार्डाला महत्त्व दिले ते याच तर्काने. तर्क एकच, पण तो इतिहासकाराच्या हाती एक काम करतो आणि फिर्यादीच्या हाती दुसरे.

छापखान्याने बाळबोध उचलली आणि मोडी मागे पडत गेली. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारण्याचे ठरवले. जुन्या पिढीच्या खासगी व्यवहारांत ती आणखी काही दशके टिकली. नंतर उरले ते रुमालांत बांधलेले कागद आणि ते वाचू शकणारी मोजकी माणसे. हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा आहे असे आपण समजत होतो. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दफ्तरे उघडली. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने घाईत लिहिलेल्या एका शब्दावर आज एखाद्या कुटुंबाचे प्रमाणपत्र, म्हणजे मुलाचा प्रवेश किंवा नोकरी, अवलंबून राहू लागली. त्या कागदांच्या प्रतिमा संगणकावर चढवता येतात आणि त्या चढवल्याही गेल्या. मोडी वाचणाऱ्या संगणकप्रणाली घडवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पण प्रतिमा साठवणे म्हणजे वाचणे नव्हे, हे त्या काही महिन्यांत पुष्कळांना उमगले.

यावरून हस्तलिखित दुर्बोध आणि संगणक सुबोध, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो मोह मला होत नाही, याचे कारण घरगुती आहे. एम.ए.नंतर २००३-०४ च्या सुमारास मी माझी वाचनटिपणे मोठ्या उत्साहाने संगणकावर उतरवली होती. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये होती, पण आपल्याकडच्या टंकलेखनाच्या दुकानांत आणि महाविद्यालयांत तेव्हा निरनिराळे फॉन्ट चालत आणि त्या प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी असे. दहा-बारा वर्षांनी त्या फायली उघडल्या, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चौकोन यांची रांगोळी होती. तो फॉन्ट नव्या संगणकावर नव्हता. काही फायली रूपांतर करून परत मिळाल्या, काही कायमच्या गेल्या. फ्लॉपींतल्या तर वाचायचे यंत्रच उरले नव्हते. त्याच काळातली शंभर पानी वही मात्र आजही उघडते आणि तिच्यातले माझे वाईट अक्षर मला वाचता येते. मोडीला निरुपयोगी व्हायला दोन पिढ्या लागल्या. माझ्या फॉन्टला बारा वर्षे पुरली.

हाताने लिहिल्याने विचारावर काय परिणाम होतो, याचीही चर्चा होते. २०१४ मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर या अमेरिकन संशोधकांचा एक अभ्यास गाजला. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान जवळजवळ शब्दशः उतरवतात आणि हाताने लिहिणाऱ्यांना वेग नसल्याने निवड करावी लागते. ही निवडच समजुतीला मदत करते, असे त्यांचे म्हणणे होते. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा फरक तितका ठळकपणे दिसला नाही, हेही सांगायला हवे. तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. मात्र साधनाची अडचण लेखनाला वळण लावते, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातही दिसते. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले ते पेन्सिलीने. सुटे कागद नव्हते, पाने मोजलेल्या बांधीव वह्या होत्या. पान फाडून टाकायची सोय नसलेल्या वहीत लिहिणारा माणूस वाक्य आधी डोक्यात पुरे करतो. १९१४ साली सुटका झाल्यावर त्या वह्या काही काळ सरकारकडे राहिल्या, परत आल्या आणि ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्डाने आणि वह्यांनी, दोघांनीही सरकारी दफ्तरात मुक्काम केला, हा योगायोग मला लक्षणीय वाटतो.

आता कचेरीकडे वळू. फाईलीत दोन बाजू असतात. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिपणी. निर्णय पत्रात दिसतो, पण तो कसा झाला, कोणी विरोध केला, कोणी कोणता शेरा मारला, हे टिपणीत असते. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला आणि वर्षाच्या आतच टिपण्या त्यातून वगळण्याच्या हालचाली सुरू झाल्या. त्याविरुद्ध अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००६ मध्ये आळंदीला उपोषण केले आणि ती दुरुस्ती बारगळली. आळंदीच्या त्या उपोषणात पणाला लागले होते ते समासातल्या शेऱ्याचे भवितव्य.

आज ई-ऑफिस प्रणालीत पडद्यावरच्या टिपणीपत्राचा रंगही जुन्या कागदासारखा हिरवा ठेवला आहे. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिले, हे आपोआप नोंदले जाते. ही सोय कागदी फाईलीत नव्हती आणि मागील तारीख घालून मारलेले शेरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तिचे मोल कळेल. मात्र त्याच प्रणालीत पिवळी टिपणीही असते. ती कच्ची असते, कायम होण्यापूर्वी बदलता येते, टाकूनही देता येते. कागदावर खोडलेले वाक्य खोडलेले दिसते. तिथे खोडल्याची रेघच राहत नाही. नागरिकाला हिरवे पान मिळेल, पण पिवळ्याचे काय झाले हे तो विचारू शकणार नाही, कारण ते होते हेच त्याला कळणार नाही.

१९०८ च्या कार्डाबाबत एक गोष्ट वादाबाहेर होती. अक्षर टिळकांचे आहे, हे स्वतः टिळकांनाही मान्य होते. वाद होता तो अर्थाचा. पुण्यातच गुन्हा नोंदवला गेलेल्या, २०१८ च्या एल्गार परिषद प्रकरणात आरोपींच्या संगणकांतील फायली पुरावा म्हणून पुढे आल्या. २०२१ मध्ये अमेरिकेतील एका न्यायवैद्यक संस्थेने अहवाल दिला की त्यांतील काही फायली बाहेरून संगणकात घातल्या गेल्या होत्या. तपास यंत्रणेने ते मान्य केले नाही. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि इथे मला त्यात शिरायचे नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की अर्थाच्या आधी कर्तृत्वाचा प्रश्न उभा राहिला. टंकलेल्या अक्षराला वळण नसते. ते कोणाच्या हाताचे हे अक्षर सांगत नाही, ते दुसऱ्या एखाद्या तांत्रिक नोंदीला सांगावे लागते आणि ती नोंद वाचणारे तज्ज्ञ मोडी वाचणाऱ्यांइतकेच मोजके आहेत.

साहित्याच्या अभ्यासकांनी यातून काय घ्यावे? संहितेची चिकित्सा आपण शिकवतो ती खाडाखोडींच्या, पाठभेदांच्या आधारावर. म्हाइंभटाने तेराव्या शतकात लीळाचरित्रासाठी आठवणी गोळा केल्या. त्या परंपरेत एकाच लीळेबद्दल निराळी आठवण असेल तर ती 'वासना' म्हणून, अधिक शोध लागला तर तो 'शोधु' म्हणून शेजारी नोंदलेली आढळते. एक पाठ ठेवून दुसरा पुसला नाही, म्हणून आज आपल्याला दोन्ही दिसतात. मराठी गद्याच्या आरंभीच ही शिस्त आहे. संगणकावर ती पाळणे अवघड नाही, पण ती ठरवून पाळावी लागते. फाईल जुन्यावर नवी न चढवता तारखेनिशी वेगळी ठेवणे, युनिकोडखेरीज दुसऱ्या कशात न लिहिणे आणि महत्त्वाचे टिपण कागदावरही उतरवून ठेवणे, एवढ्याने पुष्कळ साधेल.

माझ्या वर्गातली मुले आता फळ्याचे छायाचित्र घेतात. मी त्यांना अडवत नाही. त्याखाली दोन ओळी स्वतःच्या लिहा, असे फक्त सांगते. फळा माझा असतो, त्या दोन ओळी त्यांच्या असतात, आणि पुढे कधी कोणी विचारलेच, तर त्यांचा अर्थ त्यांनाच सांगता यायला हवा.