माग, कार्ड आणि जुना लॅपटॉप

वाचकहो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागांचा खडखडाट आपल्या कानांना इतका सवयीचा झाला आहे की तो आपल्याला ऐकूच येत नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५-०६ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ज्या संगणकासाठी आपली मुले हट्ट धरतात, त्याच्या घराण्याचा एक मूळपुरुष याच मागाच्या माथ्यावर बसलेला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. तो म्हणजे जेकार्ड.

चादरीवर नक्षी उमटते कशी? छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे माळेसारखी ओवून मागावर चढवतात. छिद्र असेल तेथे सुई आत शिरते, आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात. छिद्र नसेल तर धागे खालीच राहतात. मग बाण्याचा धागा मधून जातो. एका कार्डावर एक ओळ. ‘छिद्र आहे किंवा नाही’ या दोनच खुणांत सारी नक्षी साठवलेली असते. आजचा संगणकही एक आणि शून्य या दोनच खुणांवर चालतो.

या युक्तीचा इतिहास बोधप्रद आहे. फ्रान्समधील लिआँ शहराच्या जोसेफ मारी जेकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. पण त्याने सारे शून्यातून निर्माण केले नाही. बूशाँने १७२५ साली छिद्रे पाडलेला कागद वापरला होता, फाल्कनने त्याची कार्डे केली होती. पुढे वोकान्साँने बनविलेला माग पॅरिसच्या संग्रहालयात नुसता ठेवलेला होता. जेकार्डने तो अभ्यासला, त्यातील उणिवा हेरल्या आणि आपले यंत्र सुधारले. शिवाय हे यंत्र जुन्या मागाच्या वर बसवता येई. अख्खा माग मोडीत काढावा लागत नसे.

पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डे घेतली. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेची मोजदाद हर्मन होलेरिथच्या छिद्रित कार्डांनी झाली. त्याची कंपनी १९११ साली इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या संस्थेने १९२४ मध्ये आयबीएम हे नाव घेतले. याच आयबीएमने १९९२ साली ‘थिंकपॅड’ लॅपटॉप बाजारात आणला. इकडे १९८३ साली इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले आणि कार्डांच्या माळेची जागा संगणकातील नक्षीने घेतली. मागाच्या कार्डापासून निघालेली विद्या अशी पुन्हा मागावर येऊन बसली.

आता पालकांनो, आपल्या कपाटाकडे वळू या. पुष्कळ घरांत एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडलेला असतो. ‘बिघडला’ म्हणून तो भंगारात जातो आणि नव्यासाठी कर्ज काढले जाते. मागावरचा जाणता कारागीर असे करत नाही. उभी रेघ दिसली की तो ताण्याचा तुटलेला धागा शोधतो. नक्षीत ठरावीक अंतराने तोच दोष आला की कार्ड तपासतो. दोषाचे रूप पाहून तो कारणाकडे जातो.

लॅपटॉपलाही हीच रीत लागू आहे. प्रथम महत्त्वाची माहिती दुसरीकडे उतरवून ठेवा. बंद करून चालू करताच तारीख मागे जात असेल, तर आतील छोटी बटणासारखी बॅटरी संपली असण्याचा संभव अधिक. तापून बंद पडत असेल, तर पंख्यात धूळ साचली असेल किंवा प्रोसेसरवरील लेप सुकला असेल. फार संथ असेल, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याने मोठा फरक पडतो. रॅम वाढवताना मात्र यंत्राला कोणत्या जातीची चालते ते आधी पाहावे; डीडीआर २ च्या खाचेत डीडीआर ३ बसत नाही. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये. ती जाणकाराकडूनच काढून घ्यावी. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. अशा यंत्रावर लिनक्सची हलकी आवृत्ती घालून लेखन-वाचनाचे काम उत्तम चालू शकते.

प्रत्येक जुने यंत्र जगेलच असे नाही. मुख्य बोर्डच जळाला असेल, तर खर्चाचा हिशेब पाहून थांबण्यातच शहाणपण आहे. पण तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, आधी नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र वापरणारे पुष्कळ असतात. यंत्र समजणारे थोडे. वीज बंद करून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली एखादा जुना लॅपटॉप उघडून पाहा. कोणता स्क्रू कोठला हे वहीत मांडून ठेवा. ज्या शहरात पिढ्यान्पिढ्या तुटलेला धागा शोधून जोडला गेला, त्या शहरातील मुलांना दोष शोधण्याची ही विद्या परकी नाही. नवे यंत्र पैशाने मिळेल. ही नजर मात्र जुन्या यंत्रापाशी बसूनच मिळवावी लागेल.