घार की गिधाड? आकाशातील शिकारी पक्ष्यांची ओळख

शहराच्या आकाशात एखादा मोठा पक्षी पंख न हलवता संथ घिरट्या घालताना दिसला की, कुणी त्याला गरुड म्हणतो, कुणी गिधाड. बहुतेक वेळा ती साधी घार असते. म्हणूनच अनोळखी शिकारी पक्षी ओळखू पाहणाऱ्याने प्रथम घारीचा पुरता परिचय करून घ्यावा. पुढचे सारे पक्षी तिच्याशी ताडूनच ओळखायचे असतात.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नये. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्ष्याची खालची बाजू सावलीत जाते व तपकिरी पक्षीही काळा भासतो. पिल्लांचा पिसारा प्रौढांहून निराळा असतो. मोहोळघारीच्या तर एकाच जातीत फिकट ते गडद अशा अनेक छटा आढळतात. तिची खूण म्हणजे लांबट मान आणि कबुतरासारखे लहान डोके. रिकाम्या आकाशात अंतराचा अदमास येत नसल्याने आकारमानही फसवते. कावळे त्या पक्ष्याच्या मागे लागलेले असतील, तर मात्र तुलनेला आयतीच फूटपट्टी मिळते.

पाहायचे ते शेपटी, पंखांची ठेवण आणि उडण्याची ढब. घारीची शेपटी दुभंगलेली असते व वळताना ती सुकाणूप्रमाणे सतत तिरपी होते. तरंगताना तिचे पंख मनगटाशी किंचित वाकलेले दिसतात. शेपटी पूर्ण पसरली की खाच नाहीशी होऊन कड जवळजवळ सरळ दिसते. पिसे झडण्याच्या काळात तर खाच ओळखूही येत नाही. त्यामुळे पक्षी दोन-तीन वळणे घेईपर्यंत धीर धरावा. खाडीकिनारी व जलाशयांवर दिसणाऱ्या ब्राह्मणी घारीचे पांढरे डोके आणि विटकरी अंग सहज ओळखता येते. पण तिचे पिल्लू तपकिरी असते आणि तेथे गोलसर शेपटीच उपयोगी पडते.

आखूड, गोलसर पंख व लांब शेपटी असलेला, चार-सहा वेळा भरभर पंख मारून मग तरंगणारा पक्षी बहुधा शिक्रा असतो. ससाण्याचे पंख लांब व टोकदार. माळरानावर हवेत एकाच जागी फडफडत राहणारा पक्षी पांढुरका व काळ्या खांद्यांचा असेल तर कापशी, तांबूस पाठीचा असेल तर खरूची. पाणथळीवर पंख उथळ ‘व्ही’सारखे उचलून खालून तरंगत जाणारी दलदली हारिण हिवाळी पाहुणी आहे. सह्याद्रीत तीव्र शीळ घालत उंच घिरट्या घालणाऱ्या सर्पगरुडाच्या पंखांच्या मागील कडेलगत आणि शेपटीवर रुंद पांढरा पट्टा असतो.

गिधाडाच्या बाबतीत अचूकपणाला विशेष मोल आहे. एकेकाळी विपुल असलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये, तर केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या वापरावर २०२३ मध्ये बंदी आली. उरलेल्या थोड्या गिधाडांची गणना अशा नोंदींवरही अवलंबून असते, आणि घारीला गिधाड म्हटले तर ती नोंद नसलेली गिधाडे कागदावर उभी करते.

गिधाडाचे पंख फळीसारखे रुंद, टोकाची पिसे बोटांसारखी विलग, शेपटी आखूड आणि डोके इवलेसे. पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर. घारीसारखे शेपटी वळवणे येथे दिसत नाही. पांढऱ्या पाठीच्या प्रौढ गिधाडाचे अंग काळसर, तर पंखांखालचा पुढचा भाग पांढरा असतो. नाशिकजवळील अंजनेरीच्या कड्यांवरील लांब चोचीच्या गिधाडाचे अंग फिकट व उड्डाणपिसे गडद असतात.

असा पक्षी दिसल्यास स्थळ, वेळ आणि दिशा लगेच टिपून वनविभागास कळवावे. पुस्तक उघडण्यापूर्वीच वर्णन लिहून काढावे. चित्र पाहिल्यावर न पाहिलेल्या खुणाही आठवू लागतात. सोबतचे छायाचित्र अस्पष्ट असले तरी चालेल, शेपटीची कड आणि पंखांची टोके मात्र त्यात दिसायला हवीत.